वीस रुपयांच्या आत

नियम पास्टरबाईंनी फळ्यावर लिहून ठेवलेले:
भेट वीस रुपयांच्या आत.
पत्र आपल्या हातचं, खाली नाव नाही.
चिठ्ठीत कोण निघालं ते रविवारपर्यंत पोटात ठेवायचं.
तीन दिवसांचं रिट्रीट, नुसत्या बायकांचं,
परतवाड्याच्या पुढे, मिशनच्या जुन्या वसतिगृहात.
मोहाची फुलं पडायला लागली होती
आणि सगळ्या आवाराला गोड, आंबूस वास.

मला निघाल्या तबिथाबाई तायडे.
ओळख एवढीच की पंगतीत
माझ्या भाकरीवर त्या न विचारता ठेचा वाढत.

भेट मी घरूनच आणलेली: बुकमार्क.
सोनेरी काठ, लाल गोंडा, वर छापलेलं वचन.
पत्रही झालं चटकन. तीन ओळी,
पंचवीस वर्षं संडे स्कूल घेणाऱ्या बाईला सुचतात तशा:
प्रिय भगिनी, खचू नकोस. प्रभू तुझ्यासोबत आहे.
कुणाच्याही पाकिटात चाललं असतं.

व्हरांड्यात दोरी, दोरीला खाकी पाकिटं,
कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेली.
रात्रभर फडफडत होती.
कुणीतरी उकडलेली बोरं घातली होती,
त्या पाकिटाला सकाळपर्यंत मुंग्या.

शनिवारी दुपारी तबिथाबाई माझ्या खाटेशी आल्या.
"वाचून द्या न बाई. मले अक्षर येत नाई."
हातात माझाच कागद.

मी वाचलं: प्रिय भगिनी...
आणि थांबले.
त्या खाली बसल्या होत्या, गुडघे पोटाशी धरून,
काट्यावरचं माप पाहावं तशा माझ्या तोंडाकडे पाहत.
तीन ओळी. एका श्वासात संपल्या असत्या.

मग मी कागद सरळ धरला
आणि ओळी संपल्यावरही वाचत राहिले.
की हापशीच्या दांड्याला चिंधी बांधलेली मी पाहिली,
पहाटे करकरून कुणाची झोप मोडू नये म्हणून.
की शलोमी रडायला लागली
तेव्हा आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली,
तू डोळे उघडलेस आणि तिच्याजवळ सरकलीस.
की तुझा ठेचा फार तिखट आहे
आणि मी एकदाही पानात टाकलेला नाही.

त्या हसल्या. "हे बी लिहलं?"
"लिहिलंय."
कागद उलटला. मागची बाजू कोरी.
तीही वाचली.

"कोनं लिहलं असन?"
नाव नाही, म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

संध्याकाळी पुन्हा आल्या, दोघींना घेऊन.
"यायले बी आयकवा."
मी सुरू केलं. शलोमीपर्यंत पोचले
तर त्यांनी हात धरला.
"हापशीचं राह्यलं, बाई.
खाली असन, पहा बरं नीट."
बोट कागदावर ठेवलेलं, जिथे काहीच नव्हतं.
मी नीट पाहिलं.
सापडलं म्हणाले, आणि वाचलं.

त्या रात्री झोप नाही.
गावी वाचणारे असतील. नातू असेल शाळेत जाणारा.
तो तीन ओळी वाचेल आणि घडी घालेल.
पहाटे त्यांच्या उशाखालून कागद ओढला,
न्हाणीच्या दिव्याखाली मांडीवर धरून लिहिलं सगळं,
अक्षर वेडंवाकडं, बॉलपेन मध्येच रुसलेलं,
एका कोपऱ्याला ओल लागली.
परत ठेवताना त्या जाग्या होत्या की काय, कळलं नाही.
चिंधी बांधलेली हापशी तेव्हा बाहेर गप्प होती
आणि बादल्या भरायच्या राहिल्या होत्या.

एसटी आली तेव्हा लाल गोंडा
त्यांच्या पिशवीच्या चेनला बांधलेला.
"पुठ्ठा नातवाले देतो," म्हणाल्या, "गोंडा मले."
खिडकीतून हात हलवला.

गाडी वळणाला लागल्यावर आठवलं:
ठेच्याचं लिहायचं राहून गेलं.

आता कुठल्याशा ओट्यावर
एखादं पोर तो कागद वाचत असेल,
आणि तबिथाबाई त्याला थांबवत असतील,
थांब न बापू, ठेच्याचं राह्यलं,
तिथंच असन, पाह्य.